फिरकी कोण धरणार

"नको येऊस! गरजच न्हाई तुझी! चार मान्सांत माझी अब्रू काढतोस? माझं रीळ, माझा दोरा, माझे दोन हात. बस तू घरात!"

एक माणूस आपल्या अंगणात बसून असा ओरडत होता. ज्याच्यावर ओरडत होता तो तिथं नव्हताच. तो गल्लीच्या पलीकडं आपल्या घरात भाकरी खात होता, आणि त्याला यातलं अक्षर ऐकू जात नव्हतं.

आता हा ओरडणारा कोण, ते ऐका. धरणाच्या पाण्याकाठी एक गाव होतं. त्या गावात दोन भाऊ होते, थोरला आणि धाकटा. दोघंही गळ टाकून मासे धरायचे. थोरला तापट. चुलीवरचं दूध उतू जायच्या आधी ह्याचं डोकं उतू जायचं. धाकटा थंड, पण त्याची जीभ गमती. ओरडणारा तो थोरला.

त्या गावात एक रीत होती. गळाच्या काठीला दोरा गुंडाळायचं रीळ असतं. नव्या रिळावर दोरा भरायचा तो दोघांनी. दुकानातून दोरा फिरकीवर गुंडाळून येतो. एकानं ती फिरकी धरायची, दुसऱ्यानं रीळ फिरवायचं. आणि त्या दोऱ्यावर पहिला मासा आला, की त्याचं डोकं फिरकी धरणाऱ्याच्या घरी जायचं. ही रीत कुणी घातली, का घातली, कुणाला ठाऊक नव्हतं. आजा करायचा, बाप करायचा, म्हणून हेही करायचे.

थोरल्याची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ चांगलं झालं, पण पोर पार गळून गेली. उठून बसली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. सुईण म्हातारी म्हणाली, "हिला मरळ माशाचं कालवण घाला. ताजी मरळ पायजे, बर्फातली नको."

थोरल्याचं जुनं रीळ गंजून बसलेलं. म्हणून दोघं भाऊ तालुक्याच्या बाजारात गेले.

दुकानदारानं तीन रिळं मांडली. एक सोनेरी, नारळाएवढं. थोरल्याचा हात आधी त्यावरच पडला.

"ते समुद्रावरचं हाय, दादा," धाकटा म्हणाला. "दिवसभर धरलंस तर संध्याकाळी हात मी उचलून आणायचा का?"

दुसरं अगदी स्वस्त. दांडी फिरवली तर खुळखुळ्यागत वाजलं. तिसरं काळं, मधल्या अंगाचं. धाकट्यानं ते कानाला लावून फिरवलं. आवाज नाही. दोरा अडवायची तार उघडून मिटली, ती टक्कन बसली. मासा ओढायला लागला की दोरा सोडणारी पुढची चकती बोटानं सैल केली, घट्ट केली. "हे घे. मरळीला चालंल, रोहूला चालंल, वांबटीला बी चालंल. परवडतं बी."

इथवर सगळं बरं होतं. पण दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, आणि धाकट्याच्या जिभेला खाज सुटली. दुकानदाराला म्हणाला, "दादाला घाई लई. सहजी मोडणार न्हाई असंच बांधून द्या."

चौघं हसले. थोरला हसला नाही. रीळ त्यानं तेच घेतलं, कारण ते बरोबर होतं, हे त्यालाही दिसत होतं. पण वाटेत तो चार पावलं पुढंच चालत राहिला. वेशीपाशी आल्यावर म्हणाला, "आजपास्नं माझ्या दारात पाय ठेवू नगंस."

"अरं दादा, मी गमतीत—"

"गंमत तुझ्या घरी कर."

आणि आता तो अंगणात एकटा दोरा भरत होता. फिरकी पायाच्या बोटांत धरली होती. भराभरा दांडी फिरवत होता. फिरकी निसटायची, बाजेखाली पळायची. तो तिला शिव्या देऊन ओढून आणायचा आणि परत भराभरा. दोरा रिळावर नुसता पडत होता, बसत नव्हता.

बायको दारातून म्हणाली, "मी धरू का?"

"तू भाकरी बघ."

आतून लेकीचा बारीक आवाज आला. "आबा, काकाला हाक मारा की."

"काकाचं नाव काढू नगंस!"

दोरा उरला म्हणून तोही वर चढवला, रिळाच्या काठोकाठ. तोवर त्याचे खांदे भरून आले होते. काम काही फार नव्हतं. रागानं दमला होता तो.

दुसऱ्या दिवशी तो पाण्यावर गेला. ऊन चढलं. एका जागी काही नाही, दुसऱ्या जागी काही नाही. पाणी उतरलेलं, चिखल गुडघ्याएवढा. दुपारी खडकापाशी गवतात पाणी हललं. मरळ होती. चांगली हाताएवढी. पाठ दिसली तिची.

त्यानं नेम धरून गळ फेकला. आणि रिळावरून एकदम मूठभर दोरा सुटला, वेढ्यात वेढा अडकला आणि त्याचा गोळा काठीच्या पहिल्या कडीत जाऊन बसला. नेमकं त्याच वेळी मरळीनं आमिष धरलं. ओढावं तर दोरा येईना, सोडावं तर जाईना. मरळीनं एक हिसका दिला. तट्!

पाणी शांत झालं.

थोरला चिखलात तसाच उभा राहिला. मग काठी आपटली. "भिकार रीळ! त्यानंच गळ्यात मारलं!" असं म्हणून त्यानं ते पाण्यात भिरकावायला हात उचलला.

"टाक, टाक," मागून आवाज आला. "तुज्या लेकीला आता रिळाचं कालवण घालू."

सुईण म्हातारी खालच्या दगडावर बाळाची दुपटी धूत होती. ओल्या हातानंच ती वर आली आणि रिळावरच्या दोऱ्यात अंगठा दाबला. अंगठा आत रुतला.

"ह्यो दोरा हाय का कापूस?"

"रीळच वाईट हाय."

"गप. मी तुज्या लेकीचं पोट बांधते रोज. सात हात लुगडं. ढिलं बांधते का मी?"

तो कडीत अडकलेला गोळा उपसायला लागला.

"तुजी बायको पल्याडचं टोक ताणून धरती, म्हनून माजा वेढा बसतो. चाळीस वर्सं बांधते मी. एकटीला अजून जमलं न्हाई. तुला मोठं जमणार!" म्हातारी दुपटी पिळत खाली गेली. जाता जाता म्हणाली, "फिरकी कुणी धरली व्हती?"

त्यानं काठी खांद्यावर टाकली. घर गाठेपर्यंत पाय ओढत चालला. आपल्या दारापाशी आला. आत लेक भिंतीला टेकून बसली होती. तिनं त्याच्या हाताकडं बघितलं. रिकामा हात बघून पदर सावरून परत आडवी झाली. ते बघून थोरल्याचं सगळं अवसान गेलं.

तो वळला आणि गल्ली ओलांडली. नऊ पावलांची गल्ली, पण धरणाच्या भिंतीएवढी लांब वाटली.

धाकटा ओट्यावर बसला होता. थोरला त्याच्याकडं न बघता म्हणाला, "पेन्सिल हाय का घरात?"

"कशाला?"

"फिरकीत घालायला."

धाकटा उठला. आतून पेन्सिल आणली, आणि न सांगता ओलं फडकंही आणलं. दोघं समोरासमोर बसले. रिळावरचा तुटका, विस्कटलेला दोरा सगळा उतरवून टाकला. धाकट्यानं फिरकीत पेन्सिल घालून ती दोन्ही हातांनी धरली. थोरल्यानं ओल्या फडक्यात दोरा चिमटीनं दाबला आणि दांडी फिरवायला लागला.

"हळू, दादा. वरात न्हाई चालली."

थोरल्यानं डोळे वटारले. मग हळू केलं.

वेढ्याला वेढा लागून बसला. काठापासून गव्हाच्या दाण्याएवढी जागा राहिली तेव्हा धाकटा म्हणाला, "बास." फिरकीवर दोरा उरला होता. थोरल्याचा हात पुढं गेला, आणि त्यानं तो मागं घेतला.

"दुकानात तसं बोलायला नको व्हतं मी," धाकटा म्हणाला.

"नकोच व्हतं," थोरला म्हणाला. "पर खरं व्हतं."

पहाटे दोघं पाण्यावर गेले. तीच मरळ होती की दुसरी, देव जाणे. तिनं हिसके दिले, दोऱ्यानं दिले तेवढे सोसले, चकतीनं लागेल तेवढा दोरा सोडला. ऊन तोंडावर यायच्या आत मरळ काठाला आली.

दुपारी बायकोनं लेकीपुढं कालवणाची वाटी ठेवली. लेकीनं ती तोंडाला लावली नाही. आधी विचारलं, "आबा, डोकं कुठं गेलं?"

"काकाकडं."

मग ती जेवली.

तात्पर्य: ताणून धरणारा कुणी नसला की चांगल्या रिळावरही दोरा ढिलाच बसतो, आणि ढिला दोरा ऐन वेळी दगा देतो. तेव्हा रिळाला शिव्या देणं बंद कर. ज्याच्याशी बोलणं टाकलंयस त्याच्या दारात जा. आजच जा, आणि सांग त्याला, फिरकी धर. ऊठ!