पावणाईच्या उखळाचा ठेका

ढोलवाल्याचा हात चुकला असं वाटलं ना तुम्हाला? इथे येणाऱ्या प्रत्येकाला तसंच वाटतं. दोन घाव सरळ पडतात, तिसऱ्याच्या आधी ढोल अडखळल्यासारखा थांबतो, आणि मग पुढे जातो. पण तो चुकत नाही. पावणाईदेवीच्या देवळामागच्या कातळात ते उखळ दिसतं का? ढोल त्याच्या मागून चालतो. नव्या भाताचा पहिला नैवेद्य त्याच उखळात कांडतात. दोघीजणी, दोन मुसळं.

हा मान पूर्वी राऊळांच्या घराचा होता. त्या घरची थोरली सून आवडाई. तिच्या कांडण्याला असा ठेका होता, म्हणे, की ओढ्यापलीकडच्या बायका त्यावर धुणं आपटत आणि बांधावरचे गडी त्यावर कुदळ टाकत. आवडाई दिसायला साधी, बोलायला तुटक. गावात तिला जी किंमत होती ती त्या हाताची, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि चिमा घरात आली. सासूने तिला घरच्या उखळापाशी आवडाईच्या समोर उभं केलं. आवडाईचं मुसळ पडायचं, ते उठताना चिमाचं पडायचं. पहिल्याच दिवशी शेजारीण दारात येऊन थांबली आणि म्हणाली, आज राऊळांचं उखळ गातंय.

आवडाईच्या मनात तो शब्द सलत राहिला. इतकी वर्षं ती एकटी कांडत होती, तेव्हा उखळ गात नव्हतं का? चिमा काही मिरवत नव्हती. सारं जावेलाच विचारून करायची, तिच्या आधी जेवायची नाही. त्यानेच आवडाई जास्त जळायची. दोष काढावा तर सापडत नव्हता. आवडाईचं तान्हं मूल तिच्या कांडण्याच्या आवाजावर झोपायचं. एकदा ती पाणी घेऊन परतली, तर चिमा एकटी कांडत होती आणि पाळण्यात मूल गाढ झोपलेलं. असं सांगतात की आवडाईने भरली घागर अंगणात ओतली आणि परत पाण्याला गेली.

नैवेद्याचा दिवस आला. सारा गाव या कातळावर जमला, ढोल सुरू झाला. दोन घावांच्या मधल्या जागेत चिमा काठावर आलेलं भात डाव्या हाताने आत लोटत असे. ती जागा आवडाईइतकी कुणाला ठाऊक असणार? तिने मुसळ जरासं आधी टाकलं.

चिमाची दोन बोटं गेली. लोक म्हणाले, नवी पोर, ताल चुकली. चिमाने जावेकडे एकदा पाहिलं आणि हात पदरात गुंडाळून घेतला.

उखळ पुन्हा आवडाईचं एकटीचं झालं. पण हात तिचा राहिला नाही. मुसळ वर गेलं की तिथेच अडे, मग घाईने खाली येई. जोडीला कुणी आलं तर मुसळावर मुसळ आदळे. भाताच्या कण्या होऊ लागल्या. मूल रडत राही. पुढच्या वर्षी नैवेद्याचं भात कांडायला ती उभी राहिली आणि सुपात पुन्हा कण्याच पडल्या. देवीला तुटका तांदूळ चालत नाही. मान आता दुसऱ्या घराला द्यावा, असं गावकरी बोलू लागले.

तेव्हा सासऱ्यांनी चिमाला हाक मारली. ती आली, दुसरं मुसळ उचललं. पण मुसळ या हातातून त्या हातात घेताना तिला वेळ लागत होता. बघणारे कुजबुजले, हिच्याच्याने काय होणार. आवडाईने आपलं मुसळ खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "गेल्या वर्षी ती चुकली नव्हती. मी मुसळ आधी टाकलं. मुद्दाम."

चिमा म्हणाली, "माका ठावक होता, जाऊबाय. आता वायच थांबून टाका."

आवडाई थांबली. चिमाचा हात पोचेपर्यंत प्रत्येक वेळी थांबली. तिसऱ्या घावाआधी पोकळी पडू लागली, ढोलवाल्यानेही ती धरली, आणि सुपात अखंड तांदूळ आला.

त्यानंतर दोघींचं गूळपीठ जमलं असं मात्र कुणी सांगत नाही. चुली वेगळ्या झाल्या. चिमाचं कौतुक कानावर आलं की आवडाईचं तोंड म्हातारपणीही कडू व्हायचं, म्हणे. पण दर वर्षी दोघी या उखळापाशी समोरासमोर उभ्या राहत. त्या गेल्यावर गावाने ठरवलं की हा मान एका घराचा ठेवायचा नाही. ज्या दोघींचं पटत नसेल, त्यांना द्यायचा.

आजही तसंच चालतं. दवंडी पिटून सांगावं लागत नाही, गावाला कुणाचं बिनसलंय ते बरोबर कळतं. या वर्षी माझी सून आहे, ती हिरव्या लुगड्यातली, आणि समोर माझी पुतणी. दोघींनी आंब्याच्या झाडावरून बोलणं टाकलंय. मघाशी साधं सूपही एकमेकींच्या हातात दिलं नाही, जमिनीवर ठेवलं. पण आता बघा. पुतणीचं मुसळ अजून वर आहे, आणि माझी सून थांबली आहे.