झेंडूखालची गिटार

इचलकरंजीच्या आबासाहेब शिंत्र्यांचा ऑर्केस्ट्रा गाजलेला. त्यांचे कान त्याहून गाजलेले, निदान त्यांच्याच तोंडून. नवी वादक वैजू स्वस्तातली इलेक्ट्रिक बास गिटार घेऊन आली, तेव्हा आबासाहेबांनी टोकावरचं कंपनीचं नाव वाचलं आणि तार न छेडताच निकाल दिला. "हे खोकं माझ्या स्टेजवर नको. दसऱ्याच्या कार्यक्रमात माझी परदेशी गिटार वाजव, नाहीतर घरी बस."

खंडेनवमीला सगळी वाद्यं पूजेत मांडली. दोन्ही गिटार काळ्याच, आणि झेंडूच्या माळांखाली दोन्हींची नावं झाकली गेली. दसऱ्याच्या सकाळी पूजेतलं वाद्य उचलून पहिला सूर लावायची तिथली रीत. वैजूने एक गिटार उचलली, स्पीकरला जोडली आणि माळेसकट वाजवली.

आबासाहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. "ऐका रे सगळ्यांनी. याला म्हणतात बास. कुठं ही आणि कुठं ते खोकं."

वैजूने माळ उतरवली. खाली खोक्याचंच नाव होतं.

वादक हसू दाबू लागले. आबासाहेब पुटपुटले, "फुलांमुळं फसलो."

"फुलांनी नुसतं नाव झाकलं होतं, आबासाहेब," वैजू म्हणाली. "आवाज उघडाच होता."