दोनशे बारा कॅसेटी

"मग शेवटची कोणती ऐकू, बुवा?"

हणमंताने दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा रावजीबुवा पखवाजाला कणीक लावत होते. अजूनही तेच चाललं होतं.

हणमंत तीस वर्षं ट्रकवर ड्रायव्हर होता. इंजिनाच्या घरघरीने कान खाल्ले. डावा गेलाच. उजवा वर्षभर टिकला तर टिकेल, असं साताऱ्याच्या डॉक्टरने सांगितलं. म्हणून तो पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन मारुतीच्या देवळात बुवांकडे आला होता.

"किती आहेत?" बुवांनी मोठ्याने विचारलं.

"दोनशे बारा. अख्ख्या तालुक्यात असा संग्रह नाही."

त्याने एकेक कॅसेट फरशीवर मांडायला घेतली.

"ही कव्वाली. नागपुरात टायर बसला, समोरच दुकान होतं. हा पोवाडा सोलापूरच्या स्टँडवरचा. ही सनई. ही लावणी... ही घरात नाही, फक्त गाडीत. हे सिनेमातलं. लग्न ठरलं त्या साली घेतलं. खंबाटकीचा घाट चढताना हेच लावायचो. आणि ही राजस्थानची. एक शब्द कळत नाही. पण ढाब्यावर लागली होती, ताटावरून उठलो..."

आवाज मऊ झाला. त्याने तो आवरला.

"एकीचीही टेप गुंतलेली नाही. कोणती कधी घेतली, सगळं तोंडपाठ."

"ते राहू दे. म्हणून दाखव."

"काय?"

"यातलं काहीही. दोन ओळी."

ऐकण्यात चूक झाली असेल, असं हणमंताला वाटलं. त्याने उजवा कान पुढे केला. बुवा पुन्हा तेच म्हणाले.

"मी म्हणत नाही कधी."

"गाडीत एकटा असतानाही?"

"नाही."

"का रे?"

हणमंताने हातातली कॅसेट खाली ठेवली.

"बारा वर्षांचा होतो. सप्त्यात भजनाला उभा राहिलो. सगळ्या गावासमोर तुम्ही म्हणालात, हणम्या, तोंड मीट, नुसता टाळ धर."

"मी म्हणालो?"

"तुम्हीच."

बुवांना आठवेना. हणमंत त्रेपन्न वर्षांत विसरला नव्हता.

कणकेचा गोळा बुवांच्या हातात तसाच राहिला. मग त्यांनी हात पुसले. फरशीवरच्या कॅसेटी ट्रंकेत भरल्या, झाकण लावलं आणि त्या झाकणावर बसले.

"म्हण."

"बुवा, या वयात हसं करू नका माझं."

"हसायला आहे कोण? मारुती आणि मी. म्हण."

हणमंताने घसा खाकरला. अभंग धरला. दुसऱ्याच ओळीला लावणीची चाल आत घुसली. त्याची कानशिलं तापली. तो थांबला. बुवा ट्रंकेवरून हलले नाहीत.

त्याने ते राजस्थानचं गाणं धरलं. शब्द सगळे चुकीचे. पण तो ढाबा दिसला, चुलीचा धूर दिसला. धुरातून कधी सिनेमाच्या गाण्यात शिरला, त्याला कळलं नाही. घाट आला. शेजारच्या सीटवर हिरव्या चुड्याची बायको आली.

आणि गेलेल्या डाव्या कानात काहीतरी वाजत होतं.

तो गप्प झाला. बुवांकडे बघायचा धीर होईना.

"अजून बेसूरच आहेस," बुवा म्हणाले. "पुढचं म्हण."