दरबारात आलेली जमीन

“दसऱ्याच्या दुपारपर्यंत चिंचखोरीची चाळीसही घरं उठवा आणि जांभळ्या कारखान्याच्या जमिनीवर बसवा!” राजा गजेंद्रसेनानं हुकूम सोडला. “गावाच्या जागी मला हत्तींसाठी तळं हवंय!”



जांभळा रंग बनवायचा हा कारखाना राजाचाच. एके काळी राजाला जांभळ्या रंगाचं वेड लागलं होतं. पगड्या जांभळ्या, पालख्या जांभळ्या, पोपटसुद्धा जांभळे! शेवटी हत्ती रंगवले. शेजारचा राजा ते बघून पोट धरून हसला आणि त्याच दिवशी कारखाना बंद झाला. हौदातला उरलासुरला रंग आणि रंग पक्का करायचा खार तिथंच मातीत ओतून सगळे निघून गेले. हौद ढवळणारा म्हादू मात्र कुठं जाणार? तो गावातच खोकून खोकून गेला. गेला तेव्हाही त्याची नखं जांभळी होती.

त्याची धाकटी बहीण सगुणी तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

“महाराज, ती जमीन आजारी आहे. तिथं आम्ही राहायचं कसं?”

“आजारी? हिरवीगार दिसते की!”

“परवा तुमच्या कारभाऱ्यांनी तिच्यावर हिरवा रंग फासला, महाराज. माझ्या शेळीनं एक तोंड मारलं, अजून हिरवी शिंकतेय!”

कारभारी छताकडे बघायला लागले. राजानं भूमिवैद्य त्र्यंबकशास्त्रींना बोलावलं. जमिनीचं दुखणंखुपणं पाहण्यासाठी राजानं त्यांना मुद्दाम नेमलं होतं.

“शास्त्रीबुवा, तपासलीत का जमीन?”

“तपासली, महाराज! बाभळीचं मूळ धरून नाडी पाहिली, ठणठणीत आहे. एका दगडाची जीभही पाहिली. किंचित सर्दी वाटली, म्हणून त्याला घोंगडी पांघरवून आलो.”

“ऐकलंस?” राजा म्हणाला.

“ऐकलं. पण वैद्य बोलले, जमीन कुठं बोलली?”

राजा हट्टाला पेटला. “बरं! मग जमिनीलाच बोलू दे! दसऱ्याच्या दरबारात तिनं इथं यावं आणि काय दुखतंय ते माझ्या तोंडावर सांगावं. मी राजवाड्याबाहेर पाऊल टाकणार नाही. ती आली नाही, तर दुपारी गाव हलेल!”

दरबार खो खो हसला. सगुणी हसली नाही. तिनं बोटांवर दिवस मोजले. उद्या घटस्थापना. दसऱ्यापर्यंत नऊ दिवस.

“येईल, महाराज,” ती म्हणाली. “फक्त दारावरच्या शिपायांना सांगून ठेवा, तिला अडवू नका.”

गावात येऊन तिनं चाळीस घरच्या बायका गोळा केल्या. “राजानं नव्या जमिनीवर प्रत्येक घराची जागा खुंट्या ठोकून आखलीय ना? मग जिनं तिनं आपापल्या जागेवरून परडीभर माती आणायची. वरची हिरवी साल खरवडून खालची. यंदा घट त्याच मातीत बसवायचा!”

कोंडाआत्या खवळल्या. “अगं, देवीपुढं असली माती ठेवायची? लाज नाही वाटत?”

“आत्या, दुखणं देवीपुढं नाही न्यायचं, तर कुणापुढं न्यायचं?”

आत्यांनी फळीवरची परडी खाली काढली. म्हणाल्या, “माझी परडी मोठी आहे. दोन ओंजळी जास्त आण.”

घरोघर घट बसले. सगळीकडे एकच गहू, एकच विहीर, सारखंच पाणी.

दसऱ्याला सकाळी दरबार भरला. राजानं मिशीला पीळ दिला. “आली का जमीन?”

“आली, महाराज. पायऱ्या चढतेय!”

चाळीस बायका डोक्यावर चाळीस परड्या घेऊन आत शिरल्या. जमिनीवर ज्या क्रमानं खुंट्या होत्या, त्याच क्रमानं त्यांनी परड्या फरशीवर मांडल्या. मधोमध सगुणीनं तांब्या ठेवला. “हा हौद.”

राजा सिंहासनावरून उतरला. हौदापासून लांब, ओढ्याच्या बाजूच्या परड्यांत वीतभर हिरवंगार धान डोलत होतं. पुढं ते पिवळं पडत गेलं होतं. आणि तांब्याभोवतीच्या सात परड्यांत काहीच नव्हतं. नुसती काळी, टणक माती. त्यांतली एक म्हादूच्या घरची होती.

“महाराज, बोलली की नाही जमीन?” सगुणी म्हणाली. “कुठं दुखतंय तेही बोट ठेवून सांगितलंन.”

राजा परड्यांमधून फिरला. पण हरेल तो गजेंद्रसेन कसला! “शास्त्रीबुवा तर म्हणाले नाडी ठणठणीत आहे!”

“मग सोपं आहे, महाराज! या सात जागा शास्त्रीबुवांना बक्षीस द्या. तांब्याशेजारीच त्यांचं घर बांधू, हौदाच्या कडेला नातवंडांना अंगण करू. आजच मुहूर्त आहे!”

“नको! नको!” शास्त्रीबुवा किंचाळले. “तिथं पाय ठेवला की तळवे सोलवटतात! मी तर नाडीसुद्धा कुंपणाबाहेरून पाहिली!”

राजाच्या पोटातून असं हसू फुटलं, की मुकुट घरंगळत जाऊन म्हादूच्या परडीपाशी थांबला!

“गाव हलणार नाही!” राजा डोळे पुसत म्हणाला. “हिरव्या परड्यांची जमीन हौदावर राबलेल्यांच्या घरांना द्या. पिवळीला विश्रांती द्या. आणि त्या सात जागांवरची माती खरवडून दगडी हौदात बंद करा. खरवडतील शास्त्रीबुवा, घोंगडी पांघरून! पण पोरी, माझ्या हत्तींच्या तळ्याचं काय?”

“हत्ती रोज नदीवर डुंबतात, महाराज. तळं हवंय असं तेही दरबारात येऊन सांगणार आहेत का?”

राजा पुन्हा हसत सुटला. “आजपासून भूमिवैद्य तू! आणखी काय हवं?”

सगुणीनं म्हादूची काहीच न उगवलेली परडी उचलून कमरेवर घेतली. “ही मला राहू द्या. दर नवरात्रात तिथली माती आणून पेरीन. ज्या वर्षी उगवेल, त्या वर्षी तुम्हाला सांगायला येईन.”

“तू कशाला येतेस?” राजा म्हणाला. “जमिनीलाच पाठव! त्या खेपेला मी तिला घ्यायला वेशीपर्यंत येईन!”