वाणातली जिवती

इनामदारीणबाईंनी संक्रांतीच्या वाणात दिलेलं मायलेकरांचं जुनं रेखाचित्र गोदाक्का जिवती म्हणून पुजायची. आजारी लेकीसाठी श्रावणी शुक्रवारही तिने त्याच्यापुढेच धरले होते. ऐन पूजेच्या वेळी इनामदार दारात हजर!

"बाई, ते चित्र परत द्या. वाणात आम्ही कुणा किरकोळ चिताऱ्याचं दिलं होतं. आमची जुनी यादी पाहून पारखी म्हणतात, हे तर थोर उस्तादाचं!"

गोदाक्का गोंधळली. एका चित्राला चितारी तरी किती?

"म्हणजे आपण दिलेलं ते हे नव्हेच?"

"नव्हेच!"

"मग हे आपल्या घरचं नाहीच. आणि हेच असेल, तर सवाष्णीचं वाण परत नेणार?"

इनामदार "हेच" म्हणाले, "नव्हे" म्हणाले, मग जायला वळले.

"बसा हो," गोदाक्का म्हणाली, "पुरणाचा प्रसाद घेऊन जा."