पाच चौधरी आणि चावडीची भिंत

"चित्रात एकही दोष सापडता कामा नये. सापडला, तर त्याच दिवशी मोरवण गाव सोडायचं!"

राजे सुभानरावांनी लिंगोबा चिताऱ्याला नव्या चावडीची कोरी भिंत दाखवली आणि ही अट घातली.

भिंत वीस हात लांब होती. चावडी गावाची, तेव्हा तिच्यावरचं चित्रही गावाला पसंत पडलं पाहिजे, हा राजांचा हट्ट. गावात पाच पेठा, पाच पेठांचे पाच चौधरी, आणि या पाचांचं आजवर कशावरही एकमत झालेलं नव्हतं. पहिल्या चिताऱ्याने हत्ती काढला. तांबट पेठेचे धोंडशेट म्हणाले, हत्ती उपाशी दिसतो. विणकर पेठेचे चौधरी म्हणाले, फार खाल्लेला दिसतो. तो चितारी गेला. दुसऱ्याने मोर काढला. त्या मोरावर पाचही जण दिवे लागेपर्यंत बोलत राहिले, आणि त्यातले दोघे तर मोर सोडून एकमेकांच्या पागोट्यांवर घसरले. तोही चितारी गेला आणि भिंत खरवडून पुन्हा कोरी केली गेली.

त्या दिवसाचा राजांना इतका वैताग आला होता की या खेपेला त्यांनी नियमच करून टाकला. प्रत्येक चौधऱ्याने एकट्याने आत जायचं, चित्र बघायचं, आणि सगळ्यांत मोठा वाटेल तो एकच दोष चिटणिसांना सांगायचा. एकदा सांगितला की बदलायचा नाही.

लिंगोबा घरी आला तेव्हा त्याची मुलगी येसू अंगणात चुना मळत होती. आई गेल्यापासून बापाचा चुना आणि रंग तीच तयार करायची.

"आबा, काय काढायचं भिंतीवर?"

"ते नको विचारू. कुठल्या गावी जायचं ते विचार."

लिंगोबाची साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते. या वयात परमुलखात त्याला रंगकामाच्या बांबूंवर कोण चढवणार? येसूने सगळी हकिकत ऐकून घेतली. एकच दोष सांगायचा, हे तिने दोनदा विचारून घेतलं. मग पुन्हा चुना मळायला लागली.

"बाजार काढू या, आबा. पाचही पेठांची माणसं त्यात येतील."

वीस दिवस काम चाललं. रोज सकाळी येसू एका दिवसापुरता गिलावा द्यायची आणि तो ओला आहे तोवर लिंगोबा त्यावर रंग भरायचा. बाजार असा उतरला की चित्रातल्या भांड्यांवरची चकाकी बघून येणाऱ्याजाणाऱ्या बायका भाव विचारू लागल्या.

शेवटच्या सकाळी आभाळाचा एक तुकडा तेवढा राहिला होता. लिंगोबाने त्यात निळा रंग भरला आणि तो मागे सरकला. तेवढ्यात येसूने हाताची मूठ काजळीच्या रंगात बुडवली आणि निळ्याशार आभाळात नारळाएवढा काळा डाग उठवला.

लिंगोबाच्या हातातला कुंचला गळून पडला. "अगं, हे काय केलंस? ओल्या चुन्यात रंग मुरतो. आता भिंत फोडल्याशिवाय तो निघायचा नाही!"

"म्हणून तर ओल्यात लावला."

"पण कशाला?"

"चौधरी दोष शोधायला येणार, आबा. सापडल्याशिवाय ते काही परतायचे नाहीत. मग लवकर सापडलेला काय वाईट?"

लिंगोबाला यातलं काही उमजलं नाही. तो घरी जाऊन भांडी बांधू लागला.

चार दिवसांनी भिंत वाळली आणि चौधरी आले. धोंडशेट आत गेले आणि पान तोंडात विरघळायच्या आत मिशीवर ताव देत बाहेर आले. फुलारी पेठेच्या चौधऱ्यांनी तर दिवसभर बसायच्या तयारीने शिदोरी आणली होती. ती न सोडताच ते परतले. पाचही जणांचं आटोपलं तेव्हा राजांचं स्नानही झालं नव्हतं.

राजे आले आणि चिटणिसांनी कागद वाचला. "तांबट पेठ, आभाळात काळा डाग. विणकर पेठ, काळा डाग. फुलारी पेठ, काळा डाग. बाकीच्या दोन्ही पेठा... काळा डागच, सरकार."

"पाचांचं एकमत?" राजांना खरं वाटेना. "लिंगोबा, मोरवणात असं कधी घडलं नव्हतं. पण अट ती अट. गाडी जुंप."

लिंगोबा जायला वळला. येसू पुढे झाली.

"सरकार, या डागाशिवाय दुसरा दोष नाही ना कुणी सांगितला?"

"नाही."

"तुम्हाला दिसतो?"

राजांनी भिंतीवर नजर फिरवली. फिरून फिरून ती त्या डागावरच यायची. "नाही. पण हा एक पुरेसा आहे."

"मग एक विचारते. बाळराजांच्या गालावर आज सकाळी राणीसाहेबांनी काय लावलं?"

"काजळाची तीट. दृष्ट लागू नये म्हणून."

"म्हणजे बाळराजांत दोष आहे?"

"तोंड सांभाळून बोल, पोरी! रूप देखणं असतं म्हणूनच तीट लावतात."

"तेच म्हणते मी. धोंडशेट आपल्या नातवाला लावतात, आम्ही आमच्या भिंतीला लावली. जेवढं बाळ, तेवढी तीट. वीस हात लांबीच्या बाळाला एवढी तर लागणारच."

राजांनी पुन्हा डागाकडे पाहिलं. मग चौधऱ्यांकडे वळले. "काय हो, तीट हा दोष आहे?"

पाचही चौधरी नातवंडांचे आजोबा होते. कुणी पागोटं सारखं केलं, कुणी छताकडे पाहिलं. धोंडशेट पुटपुटले, "आम्हाला बाकीचं चित्र बघायला वेळच कुठे मिळाला!"

तेव्हा मात्र राजांना हसू आवरेना. ते इतके हसले की डोळे पुसायला त्यांना शेला घ्यावा लागला. तोच शेला त्यांनी लिंगोबाच्या खांद्यावर टाकला.

"चावडीच्या उरलेल्या तीन भिंतीही तुमच्याच. आणि पोरी, तुला काय हवं ते माग."

"या तिन्ही भिंती बघायला हेच पाच चौधरी हवेत, सरकार."

"हेच? का गं?"

"कुठे बघायचं ते आता त्यांना पाठ झालंय."