वाढलेली घंटा

मला ही गोष्ट सांगायची नव्हती. नात मागं लागली म्हणून लिहून देतोय. तिच्या कंपनीत म्हणे ज्ञान वाटायची योजना निघाली आहे. वाटायला ते काय पेढे आहेत? दर सोमवारी सगळे जमतात, आमचं छान चाललंय म्हणतात आणि चहा पिऊन उठतात. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला त्यातलं काय कळणार. पण घंटेचं मला कळतं. तेव्हा ऐका, आणि मध्ये बोलू नका.

फार पूर्वी, डोंगरातल्या एका खिंडीखाली घंटा ओतणाऱ्यांचं गाव होतं. देवळातली घंटा असो की बैलाच्या गळ्यातली, चांगली वाजली की लोक म्हणायचे, त्या गावची दिसते. गावाला आपल्या कामाचा गर्व होता आणि तो खोटा नव्हता.

खोड एकच. त्या गावात घंटा कधी फुटायची नाही. म्हणजे फुटायची, दहातल्या तीन तरी फुटायच्या, पण तसं बोलायचं नाही. बांगडी फुटली की आपण 'वाढली' म्हणतो, तसं ते घंटेला म्हणायचे. साचा फोडला, आत तडा दिसला, की ओतारी हळूच म्हणायचा, "वाढली." बाकीचे माना खाली घालायचे आणि तुकडे लगेच वितळायला जायचे. कुठं तडकली, का तडकली, हे विचारणं म्हणजे अपशकुन.

आता त्या खिंडीत थंडीत असं धुकं उतरायचं की स्वतःचा हात दिसू नये. दर वर्षी दोन-चार माणसं वाट चुकून दरीत जायची. शेवटी राजानं हुकूम काढला, धुकं उतरायच्या आत खिंडीत मोठी घंटा टांगा. पार पायथ्याशी ऐकू आली पाहिजे. तिच्यासाठी त्यानं दगडी कमानही बांधायला घेतली.

गावानं घंटा ओतली. ती फुटली. राजाच्या कारभाऱ्याचा निरोप आला, घंटेचं काय झालं? गावानं कळवलं, वाढली.

कारभारी दूरच्या मुलखातला, त्याला ही बोली ठाऊक नव्हती. त्यानं जाऊन राजाला सांगितलं, महाराज, घंटा वाढली. राजा खूश झाला आणि त्यानं कमान दोन हात उंच करायला लावली. दुसरी घंटा ओतली, तीही फुटली. पुन्हा तोच निरोप गेला. कमान आणखी दोन हात वर गेली.

मग कारभारी स्वतः आला. म्हणाला, "दाखवा बघू, केवढी झालीय."

थोरला ओतारी घाम पुसत म्हणाला, "वाढली, म्हणजे... वाढली."

"अहो पण आहे कुठं?"

कोपऱ्यात एक बाई साच्यांची माती मळत होती. कुंभाराची लेक, त्या गावात दिलेली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी त्याच खिंडीत धुक्यात गेला होता. ती हात न धुताच उठली.

"फुटली, कारभारी. दोन्ही फुटल्या. माझा नवरा गेला तेव्हा हे गाव म्हणालं, बांगड्या वाढल्या. वाढल्या नव्हत्या. मी हे मनगट दगडावर आपटलं तेव्हा फुटल्या."

कारभाऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, मग सगळ्यांकडं. म्हणाला, "महिना देतो. नाही जमलं तर इथं कुलूप लावीन आणि घंटा बाहेरून आणीन." आणि गेला.

थोरला ओतारी तिच्यावर उखडला. "पोरी, तुला तोंड उघडायला कुणी सांगितलं होतं?"

"मी मिटते. तुम्ही उघडा, आबा. कुठं फुटली ते सांगा."

म्हातारा पुटपुटला, "कमरेत. आतल्या अंगानं."

"आणि पहिली?"

"तीही कमरेत."

साच्यासाठी आधी मेणाची घंटा घडवणारा म्हणाला, "गेल्या साली माझ्या तीन गेल्या. त्याही कमरेतच."

धातू वितळवणारा खाकरला. "धातू निवताना आवळतो. आतला मातीचा गाभा जर दबला नाही, तर धातूच फाटणार."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"वीस वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणी फुटली म्हणेल तर बोलू ना."

बाई म्हणाली, "गाभा मी मळते. तुम्ही सांगता दगडासारखा घट्ट कर, मी करते. माहेरी आम्ही मातीत घोड्याची लीद घालतो. भाजताना ती जळून जाते, माती आतून पोकळ राहते. असा गाभा दबेल."

"आमच्या घंटेत लीद?" मेणवाला म्हणाला. "आता देवाला कसला वास द्यायचा?"

"वास जळून जातो, भाऊजी. तुमचं मेणही जळूनच जातं की."

आधी लहान घंटा ओतली. ती फुटली. पण या वेळी थोरला ओतारी अंगणात येऊन मोठ्यानं म्हणाला, "फुटली रे, बघायला या." सगळं गाव धावलं. कमर शाबूत होती, तडा काठाला होता. बाईनं तुकडा हातात फिरवून पाहिला. "लीद जास्त झाली. निम्मी करते." म्हाताऱ्यानं तो तुकडा वितळायला दिला नाही. भिंतीला टांगला.

मग मोठी ओतली. चार दिवस निवू दिली. पाचव्या दिवशी साचा फोडला आणि म्हाताऱ्यानं लाकडी टोला दिला. तो नाद मी काय लिहून दाखवणार. रानातली गुरं चरायची थांबली, एवढं सांगतो.

राजा खिंडीत आला. त्यानं हसत विचारलं, "काय आबा, किती वाढली?"

म्हातारा ताठ उभा राहिला. "वाढली नाही, महाराज. तीन फुटल्या, तेव्हा ही एक झाली. तिसरी कुठं फुटली ते भिंतीवर टांगलंय. कुणीही येऊन बघावं."

कमानीत घंटेच्या वर चार हात जागा मोकळी राहिली. राजा कमान उतरवायला निघाला, तर गावच आडवं आलं. आमच्या न बोलण्याची ती उंची आहे, म्हणाले, राहू द्या. गावात नवा माणूस कामाला आला की त्याला आधी ती भिंत दाखवायचे, मग भट्टी.

पहिलं धुकं उतरलं त्या दिवशी दोर त्या बाईनं ओढला. त्या थंडीत खिंडीपायी कुणाच्या बांगड्या फुटल्या नाहीत.

तात्पर्य माझ्या भाषेत असं: फुटलेल्याला फुटलं म्हणा आणि कुठं फुटलं ते चारचौघांत सांगा. त्यावरचं उत्तर ज्याच्याकडे असतं तो तुमच्याच अंगणात माती मळत असतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आणि नातीच्या कंपनीनं हेही वाचावं. आमच्या फाउंड्रीत एका पंपाच्या ओतीव कवचाला तडा आहे असं मी सगळ्यांसमोर बोललो, तर मला अपशकुनी म्हणून दाराबाहेर उभं केलं. तडा होताच, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दिसला. माफी तेवढी अजून यायची आहे. मला बाहेर काढणारे होते तेव्हाचे फोरमन, गजानन विठोबा खराडे.